स्वागत आणि क्षमायाचना



वसईहून, अहिल्यानगरहून, थेट गोव्याहून आलेल्या आपणा सर्वांचं नवी मुंबईत मनःपूर्वक स्वागत.

या संमेलनाचा 'सुडाऐवजी दया' हा विषय ठरला, तेव्हा मला आमचं नवीन पनवेल आठवलं. मार्च २०१५ मधल्या एका रात्री तिथल्या सेंट जॉर्ज चर्चवर दगड पडले, संताच्या मूर्तीची काच फुटली. बातमी वाचून मला प्रार्थना सुचली नाही. 'धरून बडवले पाहिजेत,' एवढंच मनात आलं. दगड हल्लेखोरांनी फेकला होता, पण एक माझ्याही हातात आला होता.

सुडाची ही ओढ आजची नाही. २५ जुलै १५८३ रोजी गोव्याच्या साष्टीतल्या कुंकळ्ळीत पाच जेझुइट मिशनरी मारले गेले. त्याआधी पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळं पाडली होती, हेही आपण ख्रिस्ती माणसांनी मान खाली घालून सांगितलं पाहिजे. मग सत्तेने सूड उगवला. कुंकळ्ळीच्या गांवकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं.

मारल्या गेलेल्या जेझुइटांचे देह मिळवण्यासाठी खटपट केली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. ते त्याच सत्तेच्या छायेत राहिले, हे खरं. पण सहकाऱ्यांचे देह हाती आल्यावरही त्यांनी त्या मुलखाकडे पाठ फिरवली नाही. १६१६ मध्ये त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झालं. ते इंग्रज होते, पण लिहिलं मराठीत आणि तेही ओवीत. असोळण्याचा सूड आज कुंकळ्ळीला सलतो. स्टीफन्सांची ओवी आपण अभिमानाने वाचतो.

क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे. गुन्हा घडला तर फिर्याद द्यावी, न्याय मागावा. बदला घेण्याचा मक्ता मात्र आपला नाही. किती वेळा क्षमा करायची, असा हिशोब शिष्य पेत्राने विचारला, तेव्हा प्रभू येशूने हिशोबाची वहीच मिटवली.

आता थोडं घरचं. जेवणाची रांग लांबेल, पंखे कमी पडतील, माइक मधेच कुरकुरेल. स्वागताध्यक्षाने शेवटी क्षमा मागण्याची रीत आहे. आज ती विषयालाही धरून आहे. दिवसभर आपण दयेवर बोलणार आहात. तिची सुरुवात आमच्या स्वयंसेवकांपासून करावी, ही विनंती.