थेरपिस्ट निघून गेल्यावर घरात काय उरतं?

कुणी बसमध्ये इअरफोन लावून ऐकत असाल, कुणी सेकंड शिफ्ट सुटून घरी निघाला असाल. आज विषय जरा वेगळा आहे. आयटीतल्या नोकऱ्या, इंटरव्ह्यू वगैरे आज बाजूला. आज लहान मुलांबद्दल बोलू, म्हणजे ज्यांना बसायला, खायला, हात वापरायला त्रास होतो अशा मुलांबद्दल. आणि त्यांच्या घरी जाऊन काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीबद्दल.

ही विद्यार्थिनी म्हणजे माझी मामेबहीण. मुंबईत ऑक्युपेशनल थेरपी शिकतेय, शेवटच्या वर्षाला आहे. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ती सुट्टीला कुपवाडला आली की गल्लीतली एखादी काकू हमखास विचारते, "म्हणजे तू लोकांना नोकरी लावून देतीस व्हय गं?"

तर नाही. इथं व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर ज्या ज्या कामात गुंतलेला असतो ते सगळं. मोठ्या माणसाची नोकरी त्यात आली, पण अंघोळ, कपडे घालणं, जेवणं, लिहिणं हेही आलं. लहान मुलाचा व्यवसाय काय? खेळणं, हातानं खाणं, शाळेत बसणं. आजारामुळं किंवा अपंगत्वामुळं हे जमत नसेल तर ते जमवायचे मार्ग शोधायचे. कधी शरीराकडून सराव करून घ्यायचा, कधी वस्तू बदलायची, कधी काम करायची पद्धतच बदलायची.

आता तिच्या वस्तीतल्या पोस्टिंगबद्दल सांगतो. हॉस्पिटलमध्ये मुलांच्या थेरपीची खोली असते. मॅट, मोठे बॉल, झोपाळे, आरसा. मूल तिथं आठवड्यातून एकदा-दोनदा येणार, पाऊण तास थांबणार आणि घरी जाणार. बाकीचा सगळा आठवडा ते घरातच असतं. आणि घर कसं? दहा बाय दहाची खोली, त्यात पाच माणसं, सकाळी तासभर येणारं पाणी. त्या घरातल्या आईला तुम्ही आठ व्यायाम लिहून दिलेत, तर तिचा पहिला प्रश्न असतो, "हे करू कधी?"

म्हणून तिच्या मॅडमचा एक नियम होता. पहिल्या दिवशी व्यायाम सांगायचाच नाही. सकाळभर नुसतं बसून बघायचं. मुलाला उचलतं कोण, कसं उचलतं, कपडे कुठं बसून घालतात, भरवतं कोण, त्याला किती वेळ लागतो. मग जी कामं रोज होतातच, त्यातच थेरपी बसवायची.

उदाहरण सांगतो. एका बाजूचा हात कडक असलेल्या मुलाला सदरा घालताना कडक हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. ओढाताण कमी होते आणि त्या हाताला रोज ताण मिळतो. पाय एकमेकांवर कात्रीसारखे चढत असतील, तर मुलाला तान्ह्या बाळासारखं आडवं न घेता, पाय फाकवून कडेवर घ्यायचं. मान सावरायला शिकवायचंय? गोधडीची गुंडाळी करायची, छातीखाली ठेवून पालथं झोपवायचं आणि समोर त्याचं आवडतं काहीतरी धरायचं. मुठीत चमचा राहत नाही? दांड्यावर चिंधी गुंडाळून तो जाड करायचा. यात आईचा जास्तीचा वेळ फारसा जात नाही. सदरा तर घालायचाच होता!

याला म्हणतात समुदाय आधारित पुनर्वसन, इंग्रजी आद्याक्षरांनी सीबीआर. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं ही कल्पना पुढं आणली. साधा विचार होता. पुनर्वसनाची केंद्रं मोठ्या शहरांत आणि गरज मात्र गावोगाव. मग घरचे, शेजारी, गावातले कार्यकर्ते यांना शिकवायचं आणि तज्ज्ञानं त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. २०१० मध्ये संघटनेनं मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात पाच अंगं सांगितली आहेत: आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण. म्हणजे मूल नुसतं बसायला लागलं की काम संपत नाही. ते शाळेत जातंय का, शेजारच्या बारशाला त्याला नेतात का, हेही त्यात येतं.

आता कुपवाडची गोष्ट. घरच्यांची परवानगी घेऊन सांगतोय, ओळख पटेल असं काही सांगत नाही. आमच्या भागात साडेचार वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा नंतर लवकरच मेंदूला इजा झाली, त्यामुळं स्नायूंवरचा ताबा नीट राहत नाही. मेंदूतली इजा वाढत जात नाही, पण मूल वाढतं तसे सांधे आखडू शकतात. आणि बोलता येत नाही म्हणजे त्याला कळत नाही, असं अजिबात नाही.

वडील एमआयडीसीत शिफ्टला. आईनं पॅकिंगचं काम सोडलेलं, कारण पोराला भरवायलाच एका वेळी तास जायचा. मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवायचे. ठसका लागायचा, अन्न बाहेर यायचं, मध्येच ताप यायचा.

बहीण सुट्टीला आलेली. त्या वहिनींनी हाक मारली. बहिणीनं आधीच सांगितलं, "वहिनी, मी अजून शिकतेय. मनानं काही सांगणार नाही." मग वहिनींच्याच फोनवर जेवतानाचा व्हिडिओ काढला आणि त्यांना विचारून मॅडमना दाखवला. मॅडमनी पहिलं वाक्य काय सांगितलं असेल? आधी डॉक्टरांकडे न्या. वारंवार ठसका आणि ताप म्हणजे अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं, छाती तपासून घ्या. ते झाल्यावर बाकीचं: सरळ बसवून भरवायचं, मान किंचित पुढं, भरवणारा समोर आणि मुलाच्या नजरेच्या पातळीला किंवा थोडा खाली, घास छोटा, आणि पहिला घास गिळेपर्यंत दुसरा नाही.

पण सरळ बसवायचं कशात? वडिलांनी कंपनीत विचारून पॅकिंगची जुनी लाकडी पॅलेट आणली. दोन फळ्या काटकोनात, म्हणजे कोपऱ्यात बसल्यासारखी पाठ टेकते. पाय टेकायला खाली एक फळी, समोर छोटा ट्रे. मापं बहिणीनं मॅडमना विचारून दिली. दोन संध्याकाळी खुर्ची तयार!

पोरगा चालायला लागला का? नाही. असं काही सांगायला मी आलो नाहीये. पण जेवण अर्ध्या तासात व्हायला लागलं, ठसका कमी झाला. आणि त्याची आजी, जी आधी घाबरून भरवायचीच नाही, ती भरवायला लागली.

बहिणीची सुट्टी संपत आली तेव्हा आजीनंच विचारलं, "तू गेलीस की मग कोण बघणार बाई?"

बहीण म्हणते, दादा, वस्तीतही प्रत्येक घरात हाच प्रश्न यायचा. विद्यार्थी काही आठवडे येतात आणि जातात. नवी बॅच येते, तिला परत सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलं माहितीय. एखादा माणूस हँडओव्हर न देता प्रोजेक्ट सोडून गेला की मागच्यांचे हाल होतात. इथं तर मागे राहणारं मूल आहे. म्हणून तिनं जाताना एक कागद भिंतीवर चिकटवला. चार चित्रं: कसं उचलायचं, कसं बसवायचं, कसं भरवायचं, आणि कुठली लक्षणं दिसली की लगेच डॉक्टर. आजीला वाचता येत नाही, म्हणून चित्रं. आणि जायच्या आधी तीन दिवस तिनं स्वतः हात लावला नाही, फक्त आजी आणि वडिलांना करताना बघितलं.

दुसऱ्याला शिकवून निघायचं, ही आपल्याकडे या क्षेत्राची सुरुवातच आहे. कमला निंबकर हे नाव ऐकलंय? फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या आणि कमला झाल्या. पुढं अमेरिकेत परत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या. परत येऊन त्यांना एकटीचा दवाखाना काढता आला असता. त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये हा विषय शिकवणारी देशातली पहिली संस्था सुरू केली. १९५२ मध्ये या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता! आज आमची बहीण जे शिकतेय, त्याची पायवाट तिथून येते.

आता एक धोकाही सांगतो. 'घरीच थेरपी' म्हणता म्हणता सगळं ओझं आईच्या डोक्यावर पडतं. आधीच तिची झोप अर्धी, त्यात आता ती थेरपिस्टपण! आणि एखाद्या दिवशी राहिलं की दोषही तिलाच. घरच्यांना शिकवायचं म्हणजे बाप, आजी, काका, अंगणवाडी सेविका, शाळेचे शिक्षक सगळ्यांना शिकवायचं. आणि तज्ज्ञानं, सरकारनं हात झटकायचे नाहीत.

सरकारी बाजूला काय काय आहे, ते लिहून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा तपासणीला येतात. शंका वाटली तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक कधी येणार हे अंगणवाडीत विचारून ठेवा. दिव्यांगांचं ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड, त्याचा अर्ज मोबाईलवरून भरता येतो. निरामय ही नॅशनल ट्रस्टची विमा योजना आहे. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी वर्षाला १ लाखापर्यंत, आणि नियमित थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेनं "आमच्याकडे सोय नाही" म्हटलं तर हे सांगा.

तुम्ही काय करू शकता? ओळखीत असं मूल असेल तर 'व्हॉट्सअॅपवर एक उपाय आलाय' म्हणून पाठवू नका. अर्ज भरायला मदत करा, फोटो आणि कागदपत्रं अपलोड करून द्या. पुढच्या तपासणीला दाखवायला, घरच्यांना विचारून, मूल बसताना-जेवताना अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून द्या. तो त्यांच्याच फोनवर राहू दे, स्टेटसला नको. आणि एखाद्या रविवारी तासभर त्या मुलाशी खेळायला जा. त्या तासात त्याची आई झोपेल, नाहीतर बाजारात जाऊन येईल.

बहीण आता इंटर्नशिपला लागेल. तिला दिवाळीत परत इकडं आली की या कार्यक्रमात बोलवायचा विचार आहे. तुमचे प्रश्न असतील तर पाठवा, तिच्यासाठी जमवून ठेवतो. आणि हा भाग ज्या घरी उपयोगी पडेल असं वाटतं, तिथं नक्की ऐकवा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!