आपल्या हातचा खेळ आणि मेळाव्यातलं टेबल

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. छपाईचा डिप्लोमा करून सरकारी मुद्रणालयात लागलो आणि आजवर फॉर्म, रजिस्टरं, पावतीपुस्तकं यांतच दिवस गेले. पण गेल्या महिन्यात सचिवांनी विचारलं, "तुमच्या भाच्याने म्हणे स्वतः खेळ तयार करून विकला. त्याबद्दल चार शब्द सांगाल का?" म्हणून उभा आहे.

आधी खेळ सांगतो. तो पंगतीचा आहे. चार जण खेळतात, वीस मिनिटांत डाव होतो. प्रत्येकापुढे एक पान. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, उसळ, आमटी उजवीकडे. हातातले पत्ते योग्य जागी वाढत जायचं. 'यजमान' पत्ता पडला की आग्रह, म्हणजे दोन पत्ते जास्त घ्यावेच लागतात. एकूण पत्ते ११०. हा आकडा उगाच नाही. वीस बाय तीस इंची शीटवर नेहमीच्या मापाचे, म्हणजे ६३ बाय ८८ मिलिमीटरचे पत्ते पाच गुणिले अकरा असे ५५ बसतात. दोन शीटमध्ये एक जोड तयार. खेळ आधी १२४ पत्त्यांचा होता. मी म्हटलं, "१४ पत्त्यांसाठी तिसरी शीट लागेल. ते कमी कर." त्याने केले, आणि खेळ सुटसुटीत झाला.

आता आमच्या घरातला खरा प्रश्न. भाचा सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या नोकरीत आहे. "नोकरी सोडून पूर्णवेळ खेळच करतो," असं तो म्हणू लागला. ताईचा फोन आला, "अरे, तू छपाईतला माणूस, तुझं तो ऐकेल. त्याला समजाव." मी ताईला म्हटलं, "आधी हिशेब बघू, मग समजावू."

हा हिशेब करताना मी जगात असे खेळ कसे विकले गेले ते वाचलं. आपल्याला वाटतं की खेळ म्हणजे मोठ्या कंपनीचं काम. तसं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं लहान गाव आहे. तिथे १९६८ साली गॅरी गायगॅक्स या माणसाने ५० डॉलर भाड्याने एक सभागृह घेतलं आणि पटावरचे युद्धखेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला. साधारण शंभर माणसं आली. तोच पुढे जेन कॉन या नावाने मोठा झाला. गायगॅक्स विमा कंपनीत होता. ती नोकरी गेल्यावर तो घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवत होता. १९७३ साली त्याने डॉन के या बालमित्राबरोबर कंपनी काढली. दोघांनी हजार-हजार डॉलर घातले. के याने आपले हजार डॉलर स्वतःच्या विमा पॉलिसीवर कर्ज काढून आणले होते. आपल्यापैकी अनेकांना एलआयसीच्या पॉलिसीवर काढलेलं कर्ज आठवेल! पुढच्या वर्षी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर. पहिल्या हजार प्रती घरच्या घरी जुळवल्या होत्या. त्या संपायला वर्षाच्या आसपास लागलं. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या खेळाचं पहिलं वर्ष हे असं होतं.

पण त्यातलीच दुसरी बाजू. जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने गेला. वय अवघं ३६. त्याचा हिस्सा पत्नीकडे गेला आणि कंपनीची नव्याने मांडणी करावी लागली. म्हणून मित्रांबरोबर धंदा करणाऱ्या मुलांना माझं पहिलं सांगणं: मैत्री कितीही जुनी असो, कागद करा.

दुसरं उदाहरण १९९१ चं. रिचर्ड गारफील्ड हा गणितात डॉक्टरेट करणारा विद्यार्थी पीटर ॲडकिसनकडे एक पटावरचा खेळ घेऊन गेला. ॲडकिसन बोईंग कंपनीत नोकरी करत होता आणि जोडीला त्याने खेळांची छोटी कंपनी काढली होती. तो म्हणाला, हा खेळ छापायला महाग पडेल. मेळाव्यात दोन डावांच्या मधल्या रिकाम्या वेळात खेळता येईल, खिशात मावेल असं काही कर. त्यातून पत्त्यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' जन्मला. १९९३ च्या ऑगस्टमध्ये तो जेन कॉनमध्ये विकायला ठेवला. पहिल्या छपाईचे २६ लाख पत्ते बेल्जियमच्या छापखान्यातून आले होते. वर्षअखेरपर्यंत पुरतील असं वाटलं होतं, ते काही आठवड्यांत संपले. माझ्यासारख्याला गंमत वाटते ती अशी, की त्या पहिल्या छपाईच्या पत्त्यांचे कोपरे नंतरच्यांपेक्षा जास्त गोल आहेत. वेगळी डाय लागली, एवढंच. पण त्या कोपऱ्यांवरूनच आज संग्राहक पहिली छपाई ओळखतात आणि मोठी किंमत मोजतात.

तर मेळाव्यातच खेळ का विकायचा? दुकानात खोका बंद असतो. नव्या खेळाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. दुकानदार आणि वितरक मिळून किमतीतला मोठा वाटा घेतात, म्हणून तिथे किंमत खर्चाच्या चार-पाच पट ठेवावी लागते. मेळाव्यात टेबलावर खेळ उघडा असतो. माणूस बसतो, एक फेरी खेळतो, आवडला तर घेतो. आपल्याकडे २०११ साली दिल्ली हाटमध्ये पहिला कॉमिक कॉन भरला. नंतर हैदराबादेतही असे मेळावे होऊ लागले. तिथे मुलं रंगीबेरंगी पोशाख करून येतात, चित्रकथा घेतात, आणि पटावरच्या खेळांची टेबलंही असतात.

अशाच एका मेळाव्यात भाच्याने तीन दिवस टेबल लावलं. मी सरकारी नोकर. सेवानियमांनी मला धंदा करता येत नाही. म्हणून मी टेबलाच्या मागे बसलो नाही, समोर उभा राहून बघत होतो. बघून कळलं ते सांगतो.

एक, नियम दोन मिनिटांत सांगता आले पाहिजेत. तिसऱ्या मिनिटाला माणूस शेजारच्या टेबलाकडे बघू लागतो. दोन, पूर्ण डाव खेळवू नये. अर्ध्यावर थांबवलं तर "पुढे काय?" म्हणून खोका घरी जातो. तीन, खोके आडवे न रचता उभे ठेवावेत, चित्र लांबून दिसतं. चार, गर्दीत मोबाईलचं नेटवर्क बसतं आणि यूपीआय अडकतं, तेव्हा सुटे पैसे जवळ हवेत. पाच, परराज्यातल्या मेळाव्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटीची तात्पुरती नोंदणी लागते. किमान पाच दिवस आधी अर्ज करायचा आणि अंदाजे कर आगाऊ भरायचा. बंगळुरूला किंवा पुण्याला निघायच्या आधी हे करावं.

आता हिशेब. ३०० खोक्यांच्या छपाईला ९६,००० रुपये, म्हणजे खोक्यामागे ३२०. चित्रकाराचे ३०,०००. टेबलाचं भाडं, वाहतूक, मदतीला आलेल्या दोन मुलांचं जेवणखाण मिळून ३८,०००. एकूण १,६४,०००. किंमत ठेवली ८००. तीन दिवसांत १३२ खोकी गेली, म्हणजे १,०५,६०० रुपये आले. ५८,४०० अजून अंगावर आहेत आणि १६८ खोकी ताईच्या दिवाणाखाली आहेत. त्यातली ७३ विकली की खर्च निघतो. उरलेली ९५ म्हणजे नफा, साधारण ७६,०००. पण पुढच्या मेळाव्याचं भाडंही त्यातूनच जायचं. आणि या साऱ्यामागे दीड वर्षाच्या संध्याकाळी आहेत, त्यांची मजुरी कुणी धरलेली नाही.

हा कागद मी भाच्यापुढे ठेवला. म्हटलं, "बाळा, खेळ चांगला आहे. पण यावर घर चालत नाही, अजून तरी." त्याला जर्मनीच्या क्लाउस टॉयबरचं उदाहरण दिलं. कृत्रिम दात बनवणारा हा तंत्रज्ञ संध्याकाळी घरी खेळ रचायचा. १९९५ साली त्याचा 'कटान' आला आणि त्याच वर्षी तिथला सर्वोत्तम खेळाचा मान त्याला मिळाला. तरी त्याने दातांचा धंदा लगेच बंद केला नाही. आणखी काही वर्षं थांबून मग सोडला. भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, दुसरी छपाई विकून होईपर्यंत नोकरी ठेवतो." ताईला हे पुरेसं वाटलं नाही. मला वाटलं. "कधीच करू नकोस" असं मीही म्हटलं नव्हतं.

ताईची भीती मला समजते. आपले आजोबा-पणजोबा निजामाच्या काळात इथे आले ते नोकरीवर, शाळांत, कचेऱ्यांत. काचिगुडा, सुलतानबाजारच्या वाड्यांत महिन्याच्या पगाराने माणसं शिकली, मुलींची लग्नं झाली. पगार म्हणजे आपल्याकडे अब्रू. पण खेळ रचणं हे काही परकं वेड नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते आठवा. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते. तिथल्या राजघराण्याने ती कला पुन्हा उभी केली म्हणून ती आज टिकून आहे. कुणीतरी पाठीशी उभं राहावं लागतं.

आणि एक गोष्ट मी त्या टेबलासमोर पाहिली. तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं पत्ते हातात घेऊन एकमेकांना सांगत होती, "अरे, कोशिंबीर लेफ्ट में!" पत्त्यांवरची नावं इंग्रजीतच ठेवावीत, असं भाच्याच्या मित्रांचं मत होतं. त्याने देवनागरी ठेवली, खाली रोमन अक्षरं दिली. आपली स्वतःची मुलं हल्ली उभ्याने बफे जेवतात. डावं-उजवं त्यांना आपण शिकवलं नाही. ते काम त्या ११० पत्त्यांनी थोडं तरी केलं.

म्हणून मंडळाला एक विनंती आहे. दर महिन्याच्या एका रविवारी संध्याकाळी सभागृहातली चार टेबलं अशा मुलांना द्या. गणेशोत्सवात आनंदमेळ्यात वडापावच्या शेजारी एक टेबल द्या. ज्येष्ठांनी बसावं, खेळावं आणि कंटाळा आला तर स्पष्ट सांगावं. ओळखीखातर खोका घेऊ नका, त्याने खेळ सुधारत नाही. आवडला तरच घ्या.

यंदाच्या आनंदमेळ्यात भाच्याचं टेबल असेल. ७३ चा आकडा मी मघाशी सांगितलाच आहे.

गणपती बाप्पा मोरया!