कंबरदुखी आणि पुंडलिकाची वीट

अभंगाचं निरूपण झालं. आरतीला थोडा अवकाश आहे, तेवढ्यात चार शब्द माझ्या स्वतःच्या कमरेचे सांगतो. इथं बसलेल्यांनी ऐकावं, उद्या पुस्तकात कुणी वाचेल त्यानंही ऐकावं.

तुम्ही मघापासून बघताय, महाराज सारखे कमरेवर हात ठेवतात. कुणाला वाटलं असेल, काय भाव लागलाय, साक्षात पांडुरंगच उभा! माउली, भाव कसला, कळ आहे ती. उपरण्याखाली पट्टा बांधलाय. येत्या बुधवारी माझ्या मणक्याचं ऑपरेशन आहे.

नऊ वर्षं हे दुखणं मी लपवलं. दोन-दोन तास उभं राहून कीर्तन करायचं, पावली खेळायची, आणि रात्री मुक्कामावर कूस बदलताना उपरण्याचा बोळा दातांत धरायचा. दुकानातून गोळी आणायची, एक पुरेना तर दोन. डॉक्टरांना न विचारता अशा गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकतं, हे मला फार उशिरा कळलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, पांडुरंग बघून घेईल. लोकांना ती श्रद्धा वाटायची. खरं सांगू? ती भीती होती. भीतीला मी श्रद्धेचं उपरणं पांघरलं होतं.

मागच्या वारीत दिवेघाट चढताना मागून एक पोर ओरडलं, "महाराज, तुमची चप्पल मागं राहिली!" खाली बघतो तर डावा पाय उघडा. चप्पल कधी निसटली, पायाला पत्ताच नाही. आळंदी ते पंढरपूर जवळजवळ अडीचशे किलोमीटरची वाट ज्या पायांनी चाललो, त्यातला एक मला न सांगता परका झाला होता.

डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबतेय. ते म्हणाले, "नुसतं दुखणं असतं तर औषध, व्यायाम आणि वेळ यावर बहुतेकांचं निभावतं. पण तुमच्या पावलातली ताकद चाललीय. आणखी थांबलात तर ती परत येईलच असं नाही." मी विचारलं, पुन्हा कीर्तनाला उभा राहीन ना? ते म्हणाले, "पायातली कळ पुष्कळ कमी व्हावी. कंबर पूर्ण बरी होईल असं वचन मात्र देत नाही." खरं बोलणारा माणूस. मला बरं वाटलं.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी वाकता येईना, तर मुलगा खाली बसून माझे पाय धुवायला लागला. मी खेकसलो त्याच्यावर, "मी काय इतका म्हातारा झालो का?" पोरगं काही बोललं नाही, तांब्या ठेवून उठलं. त्या रात्री झोप आली नाही, आणि पुंडलिक आठवला.

ही कथा मी आयुष्यभर सांगितली. देव दारात आला, पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, त्यानं वीट फेकली, देवाला म्हणाला थांब. पण जानुदेव आणि सत्यवती यांचा विचार मी कधी केला नाही. त्यांनी काय केलं, सांगा बघू? त्यांनी पाय पुढे केले! "आम्ही काय म्हातारे झालो का" म्हणून पाय ओढून घेतले असते, तर पुंडलिकानं सेवा कुणाची केली असती? वीट कशाला फेकली असती? आणि देव कशासाठी थांबला असता?

मायबापहो, थकल्या देहाची सेवा चालू होती म्हणून देव ताटकळला. आणि मी त्याच देवाचं नाव पुढे करून देहाची सेवा नाकारत होतो. सेवा करायला आपण शिकलो. सेवा घ्यायला जी नम्रता लागते, ती शिकायची राहिली.

आता नीट ऐका. कंबर दुखली की ऑपरेशन, असं नाही. पण पाय लुळा पडतोय, पाऊल उचलत नाही, तर अंगावर काढू नका. आणि जांघेत, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर एकादशी सुटायची वाट बघू नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. दिंडीत कुणी लंगडताना दिसला तर त्याच्या खांद्यावरची पिशवी आधी घ्या, मग विचारपूस करा.

सप्ताहात वीणेचा पहारा असतो. सात दिवस वीणा भुईला टेकत नाही. कशी टेकत नाही? एकच माणूस सात दिवस उभा राहतो का? नाही. थकलेला देतो आणि ताजा घेतो, म्हणून. देणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. पुढच्या तीन महिन्यांची कीर्तनं मी शिष्यांकडे सोपवली आहेत. आणि काल सकाळी मुलाला हाक मारली, पाय पुढे केले, म्हटलं, "धू बाबा."

भीती वाटते का? वाटते. महाराज झालो म्हणून काय झालं. पण आता भीतीला भीती म्हणतो आणि देवाला देव म्हणतो. त्याच्याकडे मागणं एवढंच: पांडुरंगा, पुंडलिकासाठी तू युगं अठ्ठावीस थांबलास, माझ्यासाठी आणखी थोडा थांब. मी जरा सेवा घेऊन येतो.

रामकृष्णहरी.