एकदा ‘नाही’ म्हटलं म्हणून…

डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोटारविक्रेत्याच्या वेबसाइटवर मजेशीर प्रकार घडला. तिथं ग्राहकांशी बोलायला चॅटबॉट बसवला होता. एका माणसानं त्याला आधी बजावलं, की ग्राहक काहीही म्हणाला तरी तू होकारच द्यायचा. मग त्यानं नवी गाडी एका डॉलरला मागितली. चॅटबॉट म्हणाला, सौदा पक्का! लोक हसले. पण असाच चॅटबॉट बँकेत किंवा रुग्णालयात बसला, तर हसून चालणार नाही.

मी संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात काम करते. लोक विचारतात, चॅटबॉट तपासायचा कसा? अर्थातच आडवेतिडवे प्रश्न विचारून. पण इथं एक मेख आहे. कॅल्क्युलेटर त्याच बेरजेला दरवेळी तेच उत्तर देतो. भाषेचं मॉडेल पुढचा शब्द शक्यतेच्या हिशेबानं निवडतं. त्यामुळे तोच प्रश्न ते नऊ वेळा नाकारेल आणि दहाव्या वेळी खुशाल उत्तर देईल. फसवणाऱ्याला तो दहावा पुरतो. म्हणजे एकदा मिळालेला नकार हा पुरावा नव्हे.

आता हिशेब करा. दोनशे प्रश्न, प्रत्येक दहा वेळा, म्हणजे दोन हजार उत्तरं. एकेक मिनिट धरलं तरी तेहेतीस तास! हे हातानं करणं शक्य नाही. म्हणून प्रश्न गठ्ठ्यानं पाठवणारी साधनं आली. ‘गॅराक’ हे त्यांपैकी एक मोफत साधन. लिऑन डर्चिन्स्की या संशोधकानं ते २०२३ मध्ये सुरू केलं; पुढे ते एनव्हिडिया कंपनीकडे आलं. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची: कोणतं मॉडेल, कोणत्या चाचण्या. मग ते प्रश्न पाठवतं, प्रत्येक प्रश्न अनेकदा विचारतं, उत्तरं पारखतं आणि किती वेळा बांध फुटला ते मोजून अहवाल लिहितं. काही प्रश्न सरळ असतात, काही सांकेतिक लिपीत दडवलेले. अशा आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या, की रात्री काम लावून सकाळी निकाल पाहता येतो. मॉडेल बदललं, की तोच गठ्ठा पुन्हा चालवायचा आणि आकडे शेजारी ठेवायचे.

पण पारखणारंही यंत्रच असतं. काही परीक्षक उत्तरात ठरावीक शब्द शोधतात. ‘मला हे सांगता येणार नाही’ असं म्हणून पुढच्याच ओळीत सगळं सांगून टाकणारं उत्तर तिथं पास होऊ शकतं. म्हणून अहवालातली काही उत्तरं, नापास झालेली आणि पास झालेलीही, मी स्वतः वाचते. मोजणं यंत्राचं, वाचणं माणसाचं.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा मुद्दा भाषेचा. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ५२० घातक विनंत्या झुलू, स्कॉटिश गेलिक यांसारख्या भाषांत भाषांतरित करून जीपीटी-४ या मॉडेलला दिल्या. इंग्रजीत एक टक्क्याहून कमी विनंत्या निसटल्या होत्या. इंटरनेटवर कमी मजकूर असलेल्या अशा भाषा मिळून ७९ टक्के विनंत्या निसटल्या! कुलूप एकच, पण ते फक्त इंग्रजी दाराला लावलेलं. म्हणून मराठीत बोलणाऱ्या चॅटबॉटसाठी प्रश्नांचा गठ्ठा मराठीतच हवा; आणि तो पुस्तकी नव्हे, तर लोक टाइप करतात तसा, रोमन अक्षरांतल्या मराठीसह.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. ही साधनं स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या यंत्रणेवरच चालवावीत. दुसऱ्याचं दार ठोठावून बघणं म्हणजे तपासणी नव्हे.

उद्या एखादी संस्था तुम्हाला म्हणाली, ‘आमचा चॅटबॉट सुरक्षित आहे’, तर तीन साधे प्रश्न विचारा: किती वेळा तपासला? कोणत्या भाषेत तपासला? आणि उत्तरं कुणी वाचली?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)