मोबाइल, मुले आणि मोहल्ला

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयावर बोलताना मुलांना दोष देणे फार सोपे आहे. ‘पोरे मोबाइलने बिघडली’ एवढे म्हटले की आपण मोकळे होतो. परंतु ही सवय मुलांना लावते कोण, याचा विचार आपण क्वचितच करतो.

प्रथम, आजार कशाला म्हणावे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमच्या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची तीन लक्षणे होत. ही स्थिती साधारणपणे १२ महिने टिकली व शिक्षणाची, नात्यांची हानी झाली, तरच तिला विकार म्हणतात. तेव्हा सुट्टीत दोन तास खेळणाऱ्या मुलाला रोगी ठरवू नका. मात्र ही लक्षणे दिसली, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणाही मानू नका.

मग सवय लागते कशी? २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाइलवर आली. अभ्यासासाठी आलेले हे साधन हातातून सुटत नाही, याचे मोठे कारण म्हणजे भोवतालची माणसे. मित्रांचा गट रात्री अकराला खेळायला बसतो. जो बसत नाही, तो दुसऱ्या दिवशी वर्गात एकटा पडतो. घरी वडील जेवताना मोबाइल पाहतात. धाकट्याला घास भरवताना त्याच्यापुढे मोबाइलच धरला जातो. वस्तीत खेळायला मैदान नाही, बसायला वाचनालय नाही. या साऱ्यांशी एकट्या मुलाने झुंजावे, ही अपेक्षा न्याय्य आहे काय?

यातून आणखी एक अन्याय घडतो. मुलगा रात्रभर खेळतो आणि ‘मोबाइल वाईट’ म्हणून काढून घेतला जातो तो मुलीच्या हातून! शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची यादी आज तेथेच पाहावी लागते. भावाच्या व्यसनाची शिक्षा बहिणीच्या शिक्षणाला देऊ नका.

उपाय कोणता? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक वाट दाखविली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद होत. तो वेळ अभ्यासाचा आणि गप्पागोष्टींचा. हेच एका घराने केले असते, तर त्या घरचे मूल रुसून बसले असते. सारे गाव एकत्र आले, म्हणून कोणतेही मूल एकटे पडले नाही. यातले मर्म हेच आहे.

आपल्या मोहल्ल्यात भोंगा नसला तरी चालेल. शेजारच्या दहा घरांनी रात्रीची एक वेळ ठरवावी. पालकहो, मुलाकडे मोबाइल मागण्यापूर्वी आपला फळीवर ठेवा. विद्यार्थी मित्रांनो, ‘आज मी खेळणार नाही’ असे गटात पहिल्याने म्हणण्याचे धैर्य दाखवा; तुमच्यामागून म्हणणारा दुसरा कोणीतरी वाटच पाहत असेल.