निळ्या कागदाचा कॅमेरा
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. आहे, इतिहास शिकवितो. रसायनांच्या बाटल्यांना मी हात लावू नये असे आमच्या विज्ञानाच्या बाईंचे मत होते, आणि ते चुकीचे नव्हते. तेव्हा आज सांगणार आहे त्यातले वजनमाप त्यांचे, हट्ट तेवढा माझा.

माझे आजोबा गवंडी होते. त्यांच्या ट्रंकेत एका बंगल्याचा नकाशा होता, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. घरात त्याला ब्लूप्रिंट म्हणत. या कागदाची कृती इंग्रज शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधला छायाचित्रणाचा वर्ग १८५५ चा. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्या सोसायटीत होते. पण ही मंडळी चांदीच्या क्षारांवर काम करीत. हर्शेलची निळाई लोखंडाची. स्वस्त, परंतु फार मंद. म्हणून तिच्या वाट्याला नकाशांच्या नकला आल्या, कॅमेरा आला नाही.

आम्ही नेमके तेच करायचे ठरविले. पुठ्ठ्याचे खोके, पुढे वाचण्याचे मोठे भिंग, मागे चित्रकलेच्या वहीतला कागद. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम यांनी अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून ग्रहणातल्या सूर्याची प्रतिमा पाहिली, तीच ही खोली, काखेत मावेल एवढी. (कॅमेरा आणि कमरा हे शब्द मुळात एकच आहेत, हे मुलांना फार आवडले.)

जुनी कृती अशी. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, प्रत्येकी १०० मिलिलिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवायचे, समभाग मिसळून मंद उजेडात कागदाला फासायचे. अतिनील किरणांनी लोखंडाचे रूप बदलते, ते फेरीसायनाइडशी मिळून निळा रंग धरते; उरलेले पाण्याने धुऊन जाते. उन्हात कागदावर पान ठेवले तर काही मिनिटांत काम होते. खोक्यात मात्र भिंगाची काचच थोडे अतिनील किरण अडविते, आणि उरलेला उजेड अख्ख्या कागदावर पसरतो. गच्चीवरून पर्वतीकडे तोंड करून दोन दिवस खोके ठेवले. हाती आली एक पुसट टेकडी.

मग बाईंनी विचारले, फेरीसायनाइड आधी कशाला? ते पिवळे, म्हणजे हवा तोच उजेड ते स्वतः खाते. शिवाय तयार होणारा निळा थर खालच्या थरावर सावली धरतो. तेव्हा कागदावर नुसते लोखंडाचे मीठ लावून कॅमेऱ्यात ठेवावे आणि नंतर फेरीसायनाइडच्या पाण्याने चित्र उठवावे. सायट्रेटऐवजी ऑक्झॅलेट घेतले तर वेग आणखी वाढतो. माइक वेअर या ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात ऑक्झॅलेटवरच आपली नवी कृती बांधली. ऑक्झॅलेट विषारी आहे आणि फेरीसायनाइड आम्लापासून व आचेपासून दूर ठेवावे लागते, म्हणून दोन्ही बाटल्या कुलपात, हातमोजे बाईंच्या ताब्यात. पालकांनी निश्चिंत असावे.

या मार्गाने मार्चच्या उन्हात टेकडी काही तासांत उठू लागली. आणि एका दिवशी एक इयत्ता नववीचा विद्यार्थी चाळीस मिनिटांचे चित्र घेऊन आला. मी वर्गात त्याची पाठ थोपटली, वहीत "४० मिनिटे" असे लाल शाईने लिहिले. आठ दिवस आम्ही सगळे चाळीस मिनिटांच्या मागे लागलो. कागद वाया, रसायन वाया. एका मुलीने तर आपण भिंगच उलटे लावले असेल म्हणून खोके उकलून पुन्हा चिकटविले.

शेवटी त्याने मला जिन्यात गाठले. सर, खोके मी डबा खाताना विसरलो होतो, दोन तास झाले होते. तुम्हाला कमी वेळ हवा होता म्हणून तसे लिहिले.

खरे सांगतो, रागावण्याइतके तोंड मला उरले नाही. कमी वेळाचे कौतुक मी रोज करीत होतो. पुसट चित्र आणणाऱ्याला मी "पुन्हा कर" एवढेच म्हणत असे. त्याच्या वहीतला लाल शेरा मी त्याच्यासमोर खोडला आणि तिथे त्याच्याच हातून "सुमारे १२० मिनिटे, नक्की नाही" असे लिहून घेतले. तेव्हापासून वहीत ढग आला तर ढग, विसर पडला तर विसर, असा रकाना आहे.

ते चित्र बाहेर टेबलावर ठेवले आहे. कॅमेऱ्यातले असल्यामुळे आकाश गडद निळे, झाडे पांढुरकी आहेत. ज्यांच्याजवळ मोबाइल आहे त्यांनी त्यावर रंग उलटे करून पाहावे, पर्वतीच्या पायऱ्या दिसतात. वही शेजारीच आहे.