शिकागोचे भाषण आणि आपली वृत्तपत्रे

(कुंभकोणमजवळील तिरुप्पनंदाळ येथे शेतमजूर व कुळांमधील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात महाराष्ट्रातील एका कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



माझे मराठी बोलणे वाक्यावाक्याने तमिळमध्ये सांगण्याचे कष्ट येथील साथींनी पत्करले आहेत, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार. कावेरीच्या या मुलखाला मराठी माणूस नवा नाही. व्यंकोजी राजांपासून 1855 पर्यंत तो येथे राज्यकर्ता म्हणून राहिला; आज तो अभ्यासवर्गासाठी आला आहे, ही प्रगतीच म्हटली पाहिजे.

22 ऑगस्ट 2024 च्या रात्री शिकागो येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात कमला हॅरिस यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारणारे भाषण केले. आपल्याकडे तेव्हा 23 तारखेची सकाळ होती. पुढे नोव्हेंबरात त्या हरल्या आणि ट्रम्प निवडून आले. तरीही त्या भाषणाचे वृत्तपत्रांनी काय केले हे पाहण्याजोगे आहे, कारण तेच हात उद्याचीही बातमी लिहिणार आहेत.

आपल्या शेजारच्या तिरुवारूर जिल्ह्यात, मन्नारगुडीजवळ, तुळसेंद्रपुरम हे गाव आहे. हॅरिस यांचे आजोबा पी. व्ही. गोपालन तेथले. उमेदवारी निश्चित होताच वार्ताहरांच्या मोटारी तेथे पोहोचल्या. फलक लागले, देवळात पूजा झाल्या. देणगीदारांच्या शिळेवरील हॅरिस यांचे नाव छायाचित्रांतून देशभर गेले. 2020 मध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना त्यांनी मावशांसाठी ‘चित्ती’ हा तमिळ शब्द उच्चारला होता आणि तेव्हा आपल्या वृत्तपत्रांना तो एक शब्द कितीतरी दिवस पुरला होता. 2024 मध्ये तोच प्रकार आईच्या आठवणीविषयी झाला. शामला गोपालन 1958 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एकट्या बर्कलीला गेल्या, स्तनाच्या कर्करोगावर संशोधन केले, तेथील नागरी हक्कांच्या चळवळीत उतरल्या. त्या बाईंविषयी आदरच वाटावा. पण मथळे तेथेच थांबले. मीही ते शिळेचे छायाचित्र मोबाइलवरून चार साथींना पाठवले होते, हेही कबूल केले पाहिजे.

अमेरिकेतील बड्या प्रसारमाध्यमांची तऱ्हा निराळी नव्हती. त्या संध्याकाळचे कित्येक तास एका गायिकेच्या आगमनाच्या अफवेवर खर्ची पडले. गायिका आलीच नाही. नंतर हिशेब निघाला तो प्रेक्षकसंख्येचा: हॅरिस यांना सुमारे 2 कोटी 89 लाख, जुलैमध्ये मिलवॉकीला बोललेल्या ट्रम्प यांना सुमारे 2 कोटी 84 लाख. ट्रम्प यांचे भाषण दीड तासाहून अधिक चालले होते, हॅरिस यांचे चाळीस मिनिटांच्या आत आटोपले, यावरही विद्वत्ता झाली. भाषण संपताच ट्रम्प यांनी एका वाहिनीला दूरध्वनी केला, त्याची स्वतंत्र बातमी झाली. हॅरिस यांचा सूर कसा होता, पोशाख कसा होता, त्या ‘अध्यक्षीय’ वाटल्या की नाही, यावर रकाने भरले.

भाषणात काय होते? अमेरिकेचे सैन्य जगातील सर्वांत प्राणघातक सैन्य राहील, अशी ग्वाही त्यात होती. इस्राएलच्या स्वसंरक्षणाच्या हक्कामागे आपण सदैव उभ्या राहू, हे वचन होते. गाझातील यातना हृदयद्रावक आहेत आणि पॅलेस्टिनी जनतेला स्वयंनिर्णयाचा हक्क मिळाला पाहिजे, हेही त्या म्हणाल्या. सभागृहाने त्याला मोठा प्रतिसाद दिला, हे लपवण्याचे कारण नाही. मात्र याच महिन्यात गाझातील मृतांचा आकडा तेथील आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार चाळीस हजारांपलीकडे गेला होता. भाषणापूर्वी नऊ दिवस अमेरिकन सरकारने इस्राएलला सुमारे 20 अब्ज डॉलरची शस्त्रे विकण्यास मान्यता दिली होती, आणि त्या सरकारच्या उपाध्यक्ष हॅरिसच होत्या. भाषणानंतर आठवड्याने मुलाखतीत त्यांनी शस्त्रपुरवठ्याचे धोरण बदलण्यास नकार दिला. हे तीन संदर्भ शेजारी ठेवले की त्या दोन वाक्यांपैकी कोणते धोरण होते आणि कोणते सांत्वन, हे वाचकाला स्वतःच ठरवता आले असते.

सभागृहाबाहेर काही प्रतिनिधी आदल्या रात्रीपासून ठिय्या देऊन बसले होते. प्राथमिक निवडणुकांत सात लाखांहून अधिक मतदारांनी गाझाच्या प्रश्नावर ‘अनिर्णीत’ असे मत दिले होते, त्यांचे हे प्रतिनिधी. एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला व्यासपीठावर दोन मिनिटे द्या, एवढीच त्यांची मागणी. मोटार कामगारांच्या संघटनेने तिला जाहीर पाठिंबा दिला. मागणी फेटाळली गेली. कामगार संघटनेचे अध्यक्ष शॉन फेन तीनच दिवसांपूर्वी त्याच व्यासपीठावरून बोलले होते. त्यांचा ‘ट्रम्प म्हणजे संपफोड्या’ असा सदरा मात्र सर्वांनी दाखवला.

हा रोग तमिळ वृत्तपत्रांपुरता आहे असे समजू नका. लिओ वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आमचे वार्ताहर मालवण तालुक्यातील वराडला धावले. बेळगावकडचे श्री ठाणेदार अमेरिकन काँग्रेसमध्ये गेले, तर मराठी वृत्तपत्रांनी सुपुत्राचा गौरव केला. याच ठाणेदारांनी ऑक्टोबर 2023 मध्ये इस्राएलच्या प्रश्नावरून तेथील समाजवाद्यांच्या संघटनेचे सदस्यत्व सोडले. ज्या मिशिगनमधून ते निवडून येतात, तेथेच एक लाखांहून अधिक मतदारांनी ‘अनिर्णीत’ मत दिले होते. आमच्या वाचकाला यातील किती कळले?

‘आपला’ हा शब्द कोण कोणासाठी वापरतो, हे तुम्हांला परक्याने सांगावे असे नाही. तुमच्यापैकी कित्येकांची घराणी मठांच्या आणि देवस्थानांच्या जमिनी कसत आली आहेत. तुळसेंद्रपुरम आणि किळवेण्मणी 1968 मध्ये एकाच तंजावर जिल्ह्यात होती. त्या वर्षी 25 डिसेंबरला, मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि एका झोपडीत 44 माणसे जाळली गेली, त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार सुटले. 2024 मध्ये या खोऱ्यावर जे वृत्तान्त मी वाचले, त्यांत देवळाचे, कोलमचे, फटाक्यांचे वर्णन होते. वेण्मणीचे नाव एकातही नव्हते.

दुपारच्या सत्रासाठी प्रत्येक गटाने कालच्या वृत्तपत्रातील एक परदेशी बातमी कापून आणावी. कोण बोलले याखाली एक रेघ ओढा, काय देऊ केले याखाली दोन. मग बसून बोलू.